अपौरुषेयतेचा आभास : संगणक-प्रणालींच्या आवश्यकता-लेखनाचा इतिहास

व्यवहारातील गद्याकडे साहित्याभ्यासाचे लक्ष नेहमीच उशिरा जाते. बखर, करीना, कैफियत, महजर हे मराठी गद्याचे प्रकार आधी इतिहाससंशोधकांच्या आणि नंतर वाङ्मयाच्या अभ्यासकांच्या नजरेला आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असाच एक गद्यप्रकार जन्माला आला. त्याची उदाहरणे जगभरच्या कार्यालयांत रोज लिहिली, दुरुस्त केली आणि नाकारली जातात. तरी तौलनिक साहित्याभ्यासाने त्याची दखल क्वचितच घेतली आहे. एखादी संगणक-प्रणाली बांधण्यापूर्वी तिने काय करावे हे ज्यात लिहून ठेवले जाते, तो आवश्यकता-दस्तऐवज हा तो प्रकार होय. ज्यांना प्रणाली हवी आहे आणि जे ती बांधणार आहेत, अशा दोन गटांच्या मध्ये बसून हा मजकूर लिहिणाऱ्या व्यक्तीला आज 'बिझनेस ॲनालिस्ट' म्हणतात. एकाचे बोलणे ऐकून दुसऱ्याला वाचता येईल असे लिहिणे हे तिचे काम आहे.

या प्रकाराचा इतिहास सामान्यतः अभियांत्रिकीच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अस्पष्ट गद्याकडून काटेकोर विधानाकडे आणि पुढे लवचीक संवादाकडे झालेली वाटचाल, असे त्याचे रूप असते. प्रस्तुत निबंधात हाच इतिहास निवेदनाच्या अंगाने पाहिला आहे. वाक्य कोण बोलते, कोणाच्या वतीने बोलते आणि बोलणाऱ्याची खूण मजकुरात उरते की पुसली जाते, हे येथील प्रश्न आहेत. मीमांसकांनी वेदवाक्याला अपौरुषेय मानले. त्या वाक्याला कर्ता नाही, म्हणून कर्त्याचे दोषही त्याला लागत नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. आवश्यकता-दस्तऐवजातील वाक्यही स्वतःला कर्ता नसल्यासारखे वागवते. मात्र ते संपूर्णपणे पौरुषेय असते आणि त्याचे बहुतेक दोष त्याचा पुरुष हरवल्यामुळेच उद्भवतात. या प्रकाराची रूपे गेल्या सहा दशकांत अनेकदा बदलली. तो पुरुष मजकुरात परत आणण्याचा प्रश्न मात्र प्रत्येक बदलानंतर नव्याने उभा राहिला.

१. विध्यर्थाचे व्याकरण

ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या विज्ञान समितीने पुरस्कृत केलेली परिषद भरली. पीटर नाउर आणि ब्रायन रँडेल यांनी संपादित केलेला तिचा अहवाल १९६९ च्या आरंभी प्रसिद्ध झाला. मोठ्या प्रणाली वेळेत आणि अपेक्षेप्रमाणे पूर्ण होत नाहीत, ही चिंता त्या अहवालात पानोपानी आढळते. १९७० मध्ये विन्स्टन रॉइस यांनी आवश्यकता, विश्लेषण, रचना, लेखन, चाचणी अशी पायऱ्यांची आकृती मांडली. हीच आकृती पुढे 'धबधबा' या नावाने प्रसिद्ध झाली. ती जशीच्या तशी राबवणे धोक्याचे आहे, असे रॉइस यांनी त्याच लेखात बजावले होते. उद्योगाने आकृती उचलली आणि इशारा मागे ठेवला. १९७६ मध्ये टी. ई. बेल आणि टी. ए. थेअर यांनी आवश्यकतांमधील त्रुटींची पाहणी मांडली. आवश्यकता आपोआप उगवत नाहीत, त्या घडवाव्या लागतात, हा त्यांच्या निष्कर्षाचा गाभा होता. 'काय हवे' हे ग्राहकाला आधीच ठाऊक असते आणि ते केवळ टिपून घ्यायचे असते, हा समज तेव्हापासून ढासळू लागला.

या लेखनाची भाषा मात्र त्याआधीच ठरून गेली होती. अमेरिकी संरक्षण खात्याच्या १९६८ च्या 'मिल-एसटीडी-४९०' या विनिर्देश-मानकात इंग्रजी 'शॅल' हे साहाय्यक क्रियापद बंधनकारक तरतुदीसाठी राखून ठेवले होते. कराराच्या भाषेतून आलेल्या या एका शब्दाने संपूर्ण गद्यप्रकाराचे व्याकरण निश्चित केले. उदाहरणादाखल रुग्णालयाच्या नोंदणी-खिडकीसाठी लिहिलेले एक वाक्य घेता येईल : 'प्रणाली नोंदणीकृत रुग्णाचा केसपेपर क्रमांक दोन सेकंदांत दाखवील.' येथे कर्ता 'प्रणाली' आहे, म्हणजे अद्याप अस्तित्वात नसलेली वस्तू. क्रियापद दिसायला भविष्यकाळी असले तरी अर्थाने आज्ञार्थी आहे. केसपेपर कोणाला हवा, क्रमांक का शोधावा लागतो, दोन सेकंद कोणी ठरवले, यांपैकी कशाचीही खूण वाक्यात नाही. मराठी वाचकाला हे व्याकरण परके वाटू नये. शासन निर्णयातील 'करण्यात यावे' हा प्रयोगही आज्ञा देतो आणि आज्ञा देणाऱ्याला व ती पाळणाऱ्यालाही वाक्याबाहेर ठेवतो.

१९८४ मध्ये आयईईई या संस्थेने 'मानक ८३०' प्रसिद्ध केले. १९९३ व १९९८ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. १९९८ च्या आवृत्तीत चांगल्या दस्तऐवजाची आठ लक्षणे दिली आहेत. तो बरोबर, संदिग्धतारहित, पूर्ण, सुसंगत, अग्रक्रम दर्शवणारा, पडताळता येणारा, बदलता येणारा आणि मूळ स्रोतापर्यंत मागोवा घेता येणारा असावा. काव्यशास्त्रातील गुणदोषविचाराची आठवण करून देणारी ही यादी आहे. तिच्या जोडीला व्यवसायात एक शिस्त रूढ झाली : एका वाक्यात एकच आवश्यकता असावी, 'आणि' आला की वाक्य तोडावे. एका वाक्याने दोन विधी सांगितले तर 'वाक्यभेद' हा दोष होतो, असे पूर्वमीमांसेने म्हटले होते. येथे प्रभावाचा दावा करण्याचे कारण नाही. जेथे वाक्याचा अर्थ कृतीत उतरवायचा असतो आणि चुकीच्या अर्थाची किंमत मोजावी लागते, तेथे दोन अतिशय दूरच्या परंपरा एकाच नियमाशी पोहोचतात, एवढाच त्याचा अर्थ.

या व्याकरणाचे सर्वांत आटोपशीर रूप मार्च १९९७ च्या 'आरएफसी २११९' मध्ये दिसते. इंटरनेटच्या मानकांत 'मस्ट', 'शुड', 'मे' या शब्दांचे अर्थ कसे घ्यावेत, हे स्कॉट ब्रॅडनर यांच्या या काही पानी दस्तऐवजाने ठरवले. हे आज्ञार्थी शब्द जपून आणि मोजके वापरावेत, असेही त्यात सांगितले आहे. पुढे २०१७ मध्ये 'आरएफसी ८१७४' ने स्पष्ट केले की, हे विशेष अर्थ शब्द मोठ्या लिपीत असतील तेव्हाच लागू होतात. एकाच शब्दाचा अर्थ अक्षरांच्या आकारावर अवलंबून असणे ही लिखित मजकुरातच संभवणारी गोष्ट आहे. ती उच्चारून दाखवता येत नाही. आवश्यकतेचे वाक्य बोलण्यापासून किती दूर गेले होते, याची ही खूण म्हणता येईल.

२. गद्यावरील अविश्वास

क्रियापद बांधून घेतल्याने गद्य आवरले नाही. १९७० च्या दशकात संरचित विश्लेषणाच्या पुरस्कर्त्यांनी जाडजूड वर्णनात्मक दस्तऐवजांना 'व्हिक्टोरियन कादंबरी' म्हणून हिणवले. शेवटच्या पानापर्यंत गेल्याशिवाय काहीच कळत नाही आणि एक धागा ओढला की दहा पाने उसवतात, हा त्यामागचा आक्षेप. टॉम डीमार्को यांच्या १९७८ च्या ग्रंथाने प्रवाहाकृती, संज्ञाकोश आणि लहान लहान विनिर्देश यांचा पर्याय लोकप्रिय केला.

याच सुमारास अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत ए-७ या विमानावरील प्रणालीसाठी एक वेगळा प्रयोग झाला. डेव्हिड पार्नास यांच्या सहभागाने चाललेल्या त्या कामाचे सूत्र कॅथरीन हेनिंगर यांनी १९८० च्या लेखात मांडले : उत्तरे लिहिण्यापूर्वी प्रश्न निश्चित करावेत, वेगवेगळ्या बाबी वेगळ्या ठेवाव्यात आणि शक्य तेवढे औपचारिक असावे. परिच्छेदांच्या जागी तक्ते आले. तक्त्याचा वाङ्मयीन गुण असा की, त्यात मौन दिसते. गद्यात एखादी शक्यता सुटली तर वाचकाला ती सुटल्याचे कळत नाही. तक्त्यात मात्र चौकोन रिकामा राहतो आणि विचारणा करतो. नैसर्गिक भाषेत यंत्राला सूचना देण्याची कल्पनाच एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मोडीत काढली होती. चिन्हभाषेत बरेचसे निरर्थक बोलणे मांडताच येत नाही, हेच तिचे बळ, असे त्यांचे प्रतिपादन होते. ऑक्सफर्डमध्ये वाढलेली 'झेड' ही गणिती संकेतभाषा याच विचारकुलातील होय.

तरीही गद्य हटले नाही, आणि त्याचे कारण वाचकवर्गात होते. केसपेपरच्या खिडकीवरील लिपिकाला आणि रुग्णालयाच्या अधीक्षकाला गणिती चिन्हांत लिहिलेल्या दस्तऐवजावर जाणतेपणाने सही करता येत नाही. जो मजकूर यंत्राला निःसंदिग्ध, तो माणसाला अपारदर्शक होतो. म्हणून काटेकोरपणाची इच्छा पुन्हा पुन्हा साध्या भाषेकडे परतली. २००९ मध्ये रोल्स-रॉइसमधील ॲलिस्टर मेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली 'इअर्स' ही पद्धत अशा परतण्याचे चांगले उदाहरण आहे. 'अमुक घडले की प्रणाली तमुक करील', 'अमुक अवस्था असेपर्यंत प्रणाली तमुक करील' असे वाक्यांचे मोजके साचे तीत ठरवून दिले आहेत. भाषा नैसर्गिकच, पण छंदोबद्ध रचनेसारखी बांधलेली.

३. संदर्भातून सुटलेले वाक्य

काटेकोर वाक्यानेही काय होऊ शकते, याचे तीन प्रसंग या इतिहासात वारंवार सांगितले जातात. त्यांचा वाङ्मयीन अर्थ एक नाही.

पहिला प्रसंग ४ जून १९९६ चा. युरोपचे आरियान-५ हे प्रक्षेपक पहिल्याच उड्डाणात, उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले. झाक-लुई लिआँस यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने त्याचा मागोवा घेतला. दिशादर्शक यंत्रणेतील एक आडव्या वेगाशी निगडित आकडा सोळा बिटांच्या पूर्णांकात मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. ज्या कार्यात ही चूक घडली ते कार्य उड्डाणानंतरही चालू ठेवण्याची आवश्यकता आरियान-४ ची होती. आरियान-५ ला तिचा उपयोग नव्हता. आरियान-५ च्या उड्डाणमार्गाची आकडेवारी मात्र त्या यंत्रणेच्या आवश्यकतांत समाविष्ट नव्हती. वाक्य जुन्या संहितेत सार्थ होते. नव्या संहितेत ते अवतरणासारखे आले आणि अवतरणचिन्हे मात्र गळून पडली. ते कोणाच्या गरजेतून लिहिले गेले होते हे वाक्यालाच ठाऊक असते, तर बहुधा ते गाळले गेले असते.

दुसरा प्रसंग २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ हरवलेल्या 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' या यानाचा. जमिनीवरील एका आज्ञावलीने आवेगाचे आकडे पौंड-सेकंदांत दिले; विनिर्देशानुसार ते न्यूटन-सेकंदांत हवे होते. येथे लेखन निर्दोष होते, वाचन झाले नाही. संदिग्धता संपवली की अर्थ पोहोचतोच, ही मानक ८३० च्या कुळातील श्रद्धा या घटनेने अपुरी ठरवली.

तिसरा प्रसंग या निबंधाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने २६ ऑक्टोबर १९९२ रोजी गाड्या पाठवण्याची संगणकीकृत प्रणाली पूर्णपणे सुरू केली. दोन दिवसांत कारभार कोलमडला, अंशतः जुन्या पद्धतीकडे परतावे लागले आणि ४ नोव्हेंबरला प्रणाली बंदच पडली. फेब्रुवारी १९९३ च्या चौकशी अहवालानुसार आवश्यकता-दस्तऐवज अतिशय तपशीलवार होता. मात्र तो तयार होताना रुग्णवाहिकांवर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचा सहभाग अल्प होता. त्यांच्या प्रतिनिधींना निमंत्रणे होती, तरीही. प्रत्येक गाडी कोठे आहे आणि कोणत्या स्थितीत आहे, याची जवळजवळ अचूक माहिती प्रणालीला सतत मिळत राहील, हे तीत गृहीत होते. प्रत्यक्षात घाईच्या वेळी बटणे चुकीची किंवा वेगळ्या क्रमाने दाबली जात आणि संदेश कधी पोहोचतच नसत. गाडीतील माणूस दस्तऐवजात माहितीचा स्रोत म्हणून आला होता. त्याची अडचण कोणाच्याही शब्दांत लिहिली गेली नव्हती. तपशिलाची श्रीमंती आणि आवाजाची गरिबी एकाच मजकुरात नांदू शकतात, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

४. कर्त्याचा शोध

फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात नेमके काय बांधायचे हे ठरवणे हाच प्रणाली-निर्मितीतील सर्वांत अवघड भाग असल्याचे म्हटले. त्याच वर्षी स्वीडनच्या इव्हार याकोबसन यांनी एक नवी रचना विद्वानांपुढे ठेवली. १९९२ च्या त्यांच्या ग्रंथाने ती सर्वत्र पोहोचवली. एरिक्सनमध्ये काम करताना घडलेल्या या रचनेचे मूळ स्वीडिश नाव 'अन्व्हेंडनिंग्सफाल' असे होते. इंग्रजीत आणताना नैसर्गिक वाटेल असा शब्द शोधत ते 'यूज केस' पर्यंत आले. जगभर इंग्रजी म्हणून वापरला जाणारा हा शब्द मुळात भाषांतर आहे.

यूज केसने वाक्याचा कर्ता बदलला. 'प्रणाली दाखवील' यापूर्वी आता 'लिपिक रुग्णाचे नाव विचारतो' हे वाक्य आले. पात्र, त्याचे उद्दिष्ट, त्याची कृती, प्रणालीचा प्रतिसाद, मग विघ्ने आणि पर्यायी वाटा, असा हा नाट्यसंहितेच्या जवळचा घाट आहे. रुग्णाला जुना क्रमांक आठवत नाही, एकाच नावाचे तीन रुग्ण निघतात, रुग्ण बेशुद्ध आहे, अशा शाखा लिहिण्याला त्यात जागा मिळाली. अपौरुषेय विधीच्या जागी प्रसंग आला, आणि प्रसंगाबरोबर माणूसही. पण तो प्रथमतः भूमिकेच्या रूपात आला. 'लिपिक' हे नाव नव्हे, पद आहे. आणि त्याचे बोलणे अजूनही तृतीयपुरुषी निवेदकाच्या हातात आहे.

तृतीयपुरुष ओलांडण्याचा प्रयत्न पुढच्या पिढीने केला. केंट बेक यांच्या १९९९ च्या 'एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग' विषयीच्या ग्रंथाने आवश्यकतेला 'स्टोरी' म्हटले आणि तिला लहानशा कार्डावर बसवले. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे जमलेल्या सतरा जणांच्या 'अजाइल' जाहीरनाम्याने सविस्तर दस्तऐवजापेक्षा चालणाऱ्या प्रणालीला अधिक मोल दिले. त्याच वर्षी रॉन जेफ्रिस यांनी कार्ड, संभाषण आणि खातरजमा ही स्टोरीची तीन अंगे सांगितली. कार्ड हे केवळ पुढच्या संभाषणाची आठवण, असा त्याचा आशय. याच सुमारास लंडनमधील कनेक्स्ट्रा या कंपनीत एक साचा रूढ झाला आणि माइक कोन यांच्या २००४ च्या पुस्तकाने तो घरोघरी नेला. आपले उदाहरण त्या साच्यात असे होईल : 'नोंदणी-लिपिक म्हणून मला रुग्णाच्या गावावरून जुना केसपेपर शोधता यावा, म्हणजे क्रमांक न आठवणाऱ्या रुग्णाला नवा कागद काढावा लागणार नाही.'

व्याकरणाच्या दृष्टीने ही मोठी उलथापालथ आहे. 'मला' आले, 'म्हणजे' आले. मीमांसेच्या परिभाषेत बोलायचे तर विधीच्या शेजारी अर्थवादाला अधिकृत जागा मिळाली. नुसती आज्ञा देणारे वाक्य आता आपले प्रयोजनही सांगू लागले आणि प्रयोजन कळल्याने वाचणाऱ्याला चांगला पर्याय सुचवता येऊ लागला. परंतु हा 'मी' कोण, हा प्रश्न साहित्याभ्यासकाला टाळता येत नाही. बहुतेक वेळा हे कार्ड लिपिकाने लिहिलेले नसते. ते बिझनेस ॲनालिस्टने लिहिलेले असते. प्रथमपुरुष हा तेथे निवेदनतंत्राचा भाग असतो. गौळणीत कवी गोपी होऊन बोलतो तेव्हा श्रोत्याला ती भूमिका असल्याचे ठाऊक असते. कार्डावरील 'मला' वाचणाऱ्या प्रोग्रॅमरला मात्र तो प्रत्यक्ष आवाज वाटण्याचा संभव असतो. तृतीयपुरुषी वाक्य निदान आपण कोणाचे नाही हे उघड दाखवत होते. प्रथमपुरुषी वाक्य ज्याचे नाही त्याचे असल्याचे भासवू शकते. लिपिकाशी कोणी बोलले असेल तर हा साचा त्याची स्मृती जपतो. बोलले नसेल तर तीच उणीव तो झाकून टाकतो.

५. पाठचिकित्सा आणि मागोवा

दस्तऐवज लिहून संपत नाही. ग्राहकाचे मन बदलते, कायदा बदलतो, बांधणाऱ्यांच्या लक्षात विसंगती येते. म्हणून आवश्यकतांचे लेखन आणि त्यांचे व्यवस्थापन ही जोडकामे मानली जातात. प्रत्येक वाक्याला क्रमांक द्यावा, मान्य पाठ 'बेसलाइन' म्हणून गोठवावा, त्यानंतरचा प्रत्येक बदल 'चेंज रिक्वेस्ट' म्हणून नोंदवावा, एका वाक्यातील बदलाने कोणती रचना आणि कोणत्या चाचण्या बाधित होतात ते जोडून ठेवावे, अशी ही व्यवस्था आहे. १९९० च्या दशकात 'डोअर्स' सारख्या साधनांनी ती संगणकावर आणली. मराठी संशोधकाला हे काम ओळखीचे वाटेल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तेव्हा संपादकांनी हस्तलिखितांची कुळे लावून प्रत्येक पाठभेद तळटीपेत जपला. फरक एवढाच की, पाठचिकित्सक उपलब्ध पाठांवरून मागे जातो आणि आवश्यकता-व्यवस्थापक बेसलाइनपासून पुढे जाऊ पाहतो.

या पुढे जाण्यातच एक आंधळी जागा होती. १९९४ मध्ये ओर्लेना गोटेल आणि ॲन्थनी फिंकेलस्टाइन यांनी मागोव्याच्या प्रश्नाचे विश्लेषण केले. दस्तऐवजापासून पुढे, म्हणजे रचना आणि चाचण्यांपर्यंत जाण्याची सोय साधने बऱ्यापैकी करतात. दस्तऐवजाच्या मागे, म्हणजे वाक्य कोणाच्या कोणत्या गरजेतून आले तेथपर्यंत जाण्याची वाट मात्र तुटलेली असते, हे त्यांनी दाखवले. पुढील लेखनात त्यांनी मजकुरामागच्या भूमिका वेगळ्या केल्या : ज्याचा अभिप्राय आहे तो, ज्याने त्याला शब्दरूप दिले तो आणि ज्याने तो लिहून घेतला तो. मराठी परंपरेत हा भेद आरंभापासून जाणवलेला आहे. ज्ञानेश्वरीच्या शेवटी लेखनिक सच्चिदानंदबाबांचा निर्देश आहे, आणि तो वक्त्याहून वेगळा आहे.

मराठेशाहीतील महजराशी तुलना केली तर ही उणीव अधिक ठळक होते. गोतसभेपुढे वादाचा निवाडा झाला की त्याचा महजर लिहिला जाई. अक्षर लेखनिकाचे असे. पण हजर असलेल्यांची नावे त्यावर नोंदली जात आणि ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या व्यवसायाची निशाणी करत, शेतकरी नांगराची. मजकूर सर्वांना वाचता येत नसला तरी तो कोणादेखत झाला हे मजकुरातच राही. आवश्यकता-दस्तऐवजाच्या पहिल्या पानावरही 'साइन-ऑफ' चा तक्ता असतो; त्यात सामान्यतः खातेप्रमुखांच्या सह्या असतात. केसपेपरच्या खिडकीवर रोज बसणाऱ्याच्या नांगराला तेथे जागा नसते.

२००३ मध्ये टोरांटो येथे बिझनेस ॲनालिस्टांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या ज्ञानकोशवजा मार्गदर्शक ग्रंथाची तिसरी आवृत्ती २०१५ ची आहे. लेखनिकाला व्यवसाय म्हणून मान्यता मिळाली, ही या इतिहासातील एक महत्त्वाची घटना होय. मात्र मान्यतेबरोबर लेखनिक दृश्य झाला; वक्ता दृश्य होईलच असे नाही.

६. दूरचा वाचक आणि मराठी 'र'

भारतात या गद्यप्रकाराला आणखी एक परिमाण मिळाले. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळूर येथे उपग्रह-जोडणीसह केंद्र उघडले. त्याआधी भारतीय अभियंता बहुतांशी ग्राहकाच्या देशात जाऊन काम करी. पुढे हळूहळू माणसाऐवजी मजकूर प्रवास करू लागला. बोलणारा एका खंडात, लिहिणारा दुसऱ्या खंडात आणि बांधणारा पुण्यात किंवा हैदराबादेत, अशी रचना झाली की कार्डावरच्या आठवणीला संभाषणाचा आधार उरत नाही. दस्तऐवजच बोलका करावा लागतो. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्रासारख्या ठिकाणी प्रणाली-निर्मितीच्या पद्धतींवर जे संशोधन झाले, त्याला ही पार्श्वभूमी आहे.

या सर्व व्यवहाराची भाषा इंग्रजी. मराठी भाषेची स्वतःची आवश्यकता जागतिक मानकात कशी लिहिली गेली, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' या शब्दांत रफार आणि अर्धा 'र' यांनी अर्थ बदलतो. एक गुरू, दुसरा स्वयंपाकी. १९९१ मध्ये पहिली आवृत्ती निघालेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्की या भारतीय मानकावरून घेतली. त्या वारशाप्रमाणे मराठीचा हा अर्धा 'र' नुक्ता असलेल्या 'ऱ' या अक्षराचे अर्धे रूप म्हणून नोंदला गेला. अक्षरांच्या तक्त्यातील टीप मात्र सांगते की, 'ऱ' हे अक्षर द्राविडी भाषांतील विशिष्ट 'र' लिप्यंतरित करण्यासाठी आहे. याशिवाय दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा दुसरा मार्गही मान्य ठेवला गेला. परिणामी डोळ्यांना एकच दिसणारा शब्द संगणकाच्या पोटात दोन प्रकारांनी राहू शकतो. ग्रंथालयाच्या सूचीत एका रूपाने नोंदलेले पुस्तक दुसऱ्या रूपाने शोधले तर, प्रणालीने दोन्ही रूपे एक मानली नसतील तेव्हा, सापडत नाही.

याउलट 'ॲ' हे अक्षर २००८ च्या ५.१ आवृत्तीत आले, तेव्हा तक्त्यात ते मराठीसाठीचा जादा स्वर या शीर्षकाखाली बसले. दोन्ही गरजा मराठीच्याच. एकीची नोंद तिच्या नावाने झाली. दुसरीची दुसऱ्याच्या नावाखाली, आणि मराठीचा उल्लेख तक्त्याबाहेरच्या नियमात राहिला. 'ऱ' चा तक्ता पाहणाऱ्या परभाषिक प्रोग्रॅमरला हे अक्षर 'दऱ्या' आणि 'दर्या' यांत भेद करते, हे त्या टिपेतून कळण्याचा मार्ग नाही. गरज भागली, परंतु ती कोणाची याची खूण दूर गेली. लंडनच्या रुग्णवाहिकेत आणि आरियानच्या आज्ञावलीत जे घडले, त्याचेच हे सौम्य, घरगुती रूप आहे.

७. समारोप

आवश्यकता-लेखनाच्या इतिहासातील प्रत्येक टप्प्याने वाक्याच्या एका घटकाची दुरुस्ती केली. मानकांनी क्रियापद नेमके केले, तक्त्यांनी मौन दृश्य केले, यूज केसने पात्र आणले, स्टोरीने प्रयोजन आणि प्रथमपुरुष आणले, व्यवस्थापनाच्या साधनांनी पाठभेद जपले. या दुरुस्त्यांचे मोल कमी नाही. तथापि यांपैकी कोणतीही दुरुस्ती बोलणाऱ्याला मजकुरात आपोआप आणत नाही. त्यासाठी कोणीतरी खिडकीपाशी जाऊन बसावे लागते आणि ऐकलेले कोणाचे हे लिहून ठेवावे लागते. २०२२ च्या अखेरीपासून भाषिक प्रारूपांवर चालणारी साधने सर्वांच्या हाती आली. आता बैठकीचे टिपण दिले तर यंत्रच सुबक, संदिग्धतारहित वाक्ये आणि प्रथमपुरुषी कार्डे लिहून देते. आठही लक्षणे पूर्ण करणारा आणि कोणीच न बोललेला दस्तऐवज आता सहज शक्य आहे. अपौरुषेयतेचा आभास इतका पूर्ण यापूर्वी कधी नव्हता.

तौलनिक साहित्याभ्यासाकडे या प्रश्नासाठी तयार उपकरणे आहेत : निवेदकाचा विचार, भाषांतराचा विचार, पाठचिकित्सा आणि विध्यर्थाची मीमांसा. ती येथे वापरली गेली, तर आपल्या दैनंदिन व्यवहाराला आकार देणाऱ्या या गद्याचे वाचन अधिक जाणते होईल. महजरावरील नांगराची निशाणी हे या वाचनाचे साधे गमक मानता येईल. मजकूर कितीही नेटका असो, तो ज्याच्या नावाने बोलतो त्याची खूण त्यात सापडते की नाही, हे प्रत्येक वेळी पाहावे लागेल.